मुठीत बसेल तेच पिस्तूल
सुरतच्या मराठी घरातल्या नव्या नेमबाजासाठी

उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम. सुरतच्या या भागांत खानदेशातून आलेली मराठी घरं आज दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत आहेत. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेंनी रायफलमध्ये आणि मनू भाकर यांनी पिस्तुलात कांस्यपदकं जिंकली. नेमबाजी हा आपल्या मुलांचाही खेळ असू शकतो, हे त्यानंतर अनेक घरांना पटलं. मग घरात पहिला प्रश्न निघतो तो हत्याराचा. रिव्हॉल्व्हर घ्यायचं की पिस्तूल? परवाना लागेल का? ते हाताला बसवून कोण देईल? या प्रश्नांची उत्तरं ऐकीव माहितीवर घेतली तर पैसे वाया जातात आणि कधी कधी कायदाही मोडला जातो. म्हणून हा लेख.

गुजरातेतलं एक मराठी नाव

या खेळाशी गुजरातेतल्या मराठी माणसाचं नातं जुनं आहे. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचं घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर भागातलं. त्यांचा जन्म १८८८मध्ये बडोद्यात झाला आणि कारकीर्द अहमदाबादेत घडली. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१मध्ये उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष मावळंकरच होते. आजही राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या वाटेवर जी अखिल भारतीय स्पर्धा लागते, तिला त्यांचंच नाव आहे. रेंजवर मुलं ‘यंदा मावळंकर खेळायचीय’ असं म्हणतात. हे मावळंकर कोण होते, ते सुरतच्या मराठी मुलाला तरी माहीत असावं.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक

बोलताना आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो. रिव्हॉल्व्हरला फिरती चक्री असते. तिच्या पाच-सहा खणांत काडतुसं बसतात आणि प्रत्येक गोळीला चक्री एक खण पुढे सरकते. पिस्तुलात फिरती चक्री नसते. गोळी थेट नळीच्या मागच्या खोलीतून सुटते आणि मॅगझिन असलेल्या पिस्तुलात पुढचं काडतूस तिथून आपोआप वर येतं.

नेमबाजाच्या दृष्टीनं महत्त्वाचा फरक चापात आहे. रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्यानं मागे ओढून ठेवला, तर चाप हलका आणि स्वच्छ सुटतो. घोडा न ओढता नुसता चाप दाबला, तर त्याच दाबात घोडाही उचलावा लागतो आणि चक्रीही फिरवावी लागते. बोटावर तिपटी-चौपटीनं भार येतो आणि नेम हलतो. म्हणून अचूकतेच्या स्पर्धेत रिव्हॉल्व्हर वापरणारा नेमबाज प्रत्येक गोळीआधी घोडा ओढतो. त्यासाठी पकड थोडी सैल करावी लागते आणि पुन्हा जुळवावी लागते. रिव्हॉल्व्हर खेळात मागे पडलं, त्याचं मोठं कारण हेच.

पूर्वी मात्र मान रिव्हॉल्व्हरला होता. १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकला अमेरिकेचे जॉन आणि सम्नर पेन हे भाऊ कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन कंपन्यांची रिव्हॉल्व्हरं घेऊन अथेन्सला गेले. सैनिकी पिस्तुलाच्या स्पर्धेत पहिले दोन क्रमांक या भावांनीच घेतले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही सोव्हिएत संघातल्या तुला शहरच्या कारखान्यानं आणि फ्रान्सच्या मानुरँ कंपनीनं खास लक्ष्यवेधासाठी रिव्हॉल्व्हरं बनवली. मानुरँचं एमआर ३२ तर .३२ स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसासाठीच घडवलेलं होतं.

कानपूरचं .३२ आणि स्पर्धेचं .३२

भारतातल्या सामान्य परवानाधारकाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा हेच .३२चं काडतूस असतं. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची काडतुसं चालतात. जगभरातले बहुतेक नेमबाज त्यातून .३२च निवडतात, कारण त्याचा धक्का कमी असतो. पुढून सपाट असलेली शिशाची गोळी कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते आणि गुण मोजताना वाद राहत नाही. २००६च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणा यांनी याच प्रकारात ५९० गुण मिळवून तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, पण जागतिक आणि राष्ट्रीय स्पर्धांत त्याला प्रतिष्ठा आहे.

यातूनच एक गैरसमज होतो. काडतूस एकच आहे, तर घरातलं कानपूरचं रिव्हॉल्व्हर स्पर्धेला चालेल, असं वाटतं. पण कानपूरच्या आयुध कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर किंवा २०१४मध्ये आलेलं ‘निर्भीक’ ही स्वसंरक्षणासाठी घडवलेली हत्यारं आहेत. नळी आखूड, मागची साइट न हलणारी, मूठ लहान आणि चाप जड. २५ मीटरवरच्या कागदावर अचूकतेच्या फेरीत दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. तिथे तीस गोळ्या सातत्यानं बसवणं हे या हत्यारांचं कामच नाही. त्यांच्यावर खर्च करून त्यांना स्पर्धेचं हत्यार बनवू पाहणं म्हणजे पैशांची नासाडी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या हाती खरोखर लक्ष्यवेधाचं रिव्हॉल्व्हर आहे, त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती सांगतो. चक्रीतले सहाही खण नळीशी सारखे जुळतातच असं नाही. प्रत्येक खणाला क्रमांक द्या, टेकू देऊन प्रत्येक खणातून वेगवेगळ्या कागदावर गोळ्या झाडा आणि कोणता खण गोळ्या पसरवतो ते शोधा. स्पर्धेत मालिका पाच गोळ्यांची असते, म्हणून सहावा वाईट खण रिकामा ठेवता येतो. हत्याराला हात न लावता केलेली ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

कायदा आधी, खरेदी नंतर

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीबाहेर एक पाऊलही टाकू नये. बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या कुठल्याही पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला, अगदी .२२लासुद्धा, परवाना लागतो. सुरत शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करायचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं. त्याहून लहान नेमबाजांना नियमांनी ठरवलेल्या अटींवर, देखरेखीखाली सराव करता येतो.

२०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात. खेळाडूंना यातून सूट आहे. फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेनं आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना आणि नामांकित नेमबाजांना प्रकारांच्या संख्येनुसार बारापर्यंत, तर कनिष्ठ नेमबाजांना दोन हत्यारांची मुभा दिली. ही सूट दर्जा मिळवून, संघटनेच्या कागदपत्रांवर मिळते. नुसतं क्लबचं ओळखपत्र दाखवून ती मिळत नाही.

बदल करण्याबाबतही कायदा स्पष्ट आहे. अधिनियमाच्या कलम ५नुसार हत्याराची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कलम ६नुसार नळी आखूड करायलाही परवाना लागतो. मूठ तासणं वेगळं आणि आतल्या यंत्रणेला हात घालणं वेगळं. चापाच्या कामासाठी परवानाधारक कारागीर किंवा कंपनीचा अधिकृत माणूसच गाठावा. ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे जाऊ नये.

पहिलं हत्यार: एअर पिस्तूल

सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलानंच करावी. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते. अर्धा ग्रॅमचा छर्रा, सेकंदाला साधारण दीडशे मीटर. पण परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं ठरत नाही. छर्रा डोळा फोडू शकतो. पिस्तूल पेटीत कुलूपबंद ठेवावं, बाहेर काढलं की नळीत केशरी सुरक्षा-दोरी घालावी आणि नळीचं तोंड कायम लक्ष्याकडेच राहावं.

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्डिनी ही या खेळातली मानाची नावं. यांचं नवं पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. सगळीच जागतिक स्पर्धा जिंकण्याइतकी अचूक आहेत, त्यामुळे ‘कोणतं सर्वांत भारी’ या वादात शिरू नका. आपल्या क्लबात कोणतं जास्त वापरलं जातं, सुटे भाग कोणाकडे मिळतात आणि मुठीचा आपल्या मापाचा आकार कोण देतो, एवढंच विचारा. जुनं घेत असाल तर हवेच्या नळकांड्यावरची तारीख पाहा. त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरलेलं असतं. मुदत संपलेलं नळकांडं २०० बारच्या दाबानं भरणं धोक्याचं आहे.

नियमांची चौकट

एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत आणि चापाचा भार किमान ५०० ग्रॅम. २५ मीटरच्या .२२ आणि सेंटर फायर हत्यारांना वजन १४०० ग्रॅम, चाप किमान १००० ग्रॅम, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत आणि पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत. पूर्ण हत्यार ठरलेल्या मापाच्या पेटीत बसलं पाहिजे. दुर्बीण किंवा लेझर चालत नाही, आणि २५ मीटरच्या हत्याराच्या नळीला धक्का कमी करणारी भोकं किंवा जोडण्या चालत नाहीत. परदेशात रिव्हॉल्व्हरच्या वेगळ्या, वेगाच्या स्पर्धा होतात. तिथे चक्रीचे खण झटपट भरण्याच्या चकत्या आणि गुळगुळीत केलेले चाप सर्रास दिसतात. ते व्हिडिओ पाहून इथल्या खेळासाठी सामान मागवू नये.

मूठ

हत्यार निवडताना सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पिस्तूल कितीही महाग असलं, तरी मूठ हाताला बसली नाही तर प्रत्येक गोळीला पकड वेगळी होते आणि गुण पसरतात.

तपासायची रीत सोपी आहे. दुसऱ्या हातानं पिस्तूल नळीकडून धरा आणि अंगठा-तर्जनीमधल्या बेचक्यात ते मागून घट्ट रोवा. मग तीन बोटं गुंडाळा. मधलं बोट चापाच्या कड्याखाली टेकलं पाहिजे. मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा दाब सरळ मागे यावा. अंगठ्यानं आणि करंगळीनं आवळू नये. तर्जनी कुठेही लाकडाला न घासता मोकळी राहावी आणि तिच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर यावा. आता डोळे मिटा, हात उचला, श्वास सोडा, आणि डोळे उघडा. माशी, म्हणजे पुढची साइट, मागच्या साइटच्या खाचेत मधोमध, वरच्या कडेशी समतल दिसली तर मूठ आपली. माशी बाजूला गेलेली दिसली तर मनगट वळवून ती मध्ये आणू नका. साठाव्या गोळीपर्यंत थकलेलं मनगट ते वळण विसरतं. बदल मुठीत करायचा.

तो बदल कसा? जिथे लाकूड टोचतं तिथे बारीक कानशीनं घासायचं, जिथे पोकळी राहते तिथे दोन भाग मिसळून करायची लाकडाची पुट्टी भरायची. ओल्या पुट्टीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून पकड घेतली की हाताचा ठसा उमटतो. एका वेळी एकच बदल करा. त्यावर चार-पाच दिवस सराव करा आणि गुण लिहून ठेवा, मगच पुढचा बदल. सुरतेत हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर प्रत्येक घासणीनंतर भिंगातून पाहतात. मुठीला तसाच धीर लागतो, कारण घासलेलं लाकूड परत येत नाही. उन्हाळ्यात हात किंचित फुगतो, तेव्हा मे महिन्यातल्या मापावर मूठ कायमची करू नका.

तळहाताखालचा टेकू इतकाच वर असावा की हात जखडल्यासारखा वाटणार नाही. तो मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करणार नाही, हे नियमातच आहे, आणि मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी मूठ कोरण्याची घाई करू नका. त्याचा हात वर्षभरात वाढतो. लहान आकाराची, सरकणाऱ्या टेकूची मूठ घ्या आणि लागेल तेवढी पुट्टी भरा.

चाप आणि साइट

चापाचं कमीत कमी वजन नियमात आहे, म्हणून तो काठावर लावू नये. ५००च्या जागी ५२०-५३०, १०००च्या जागी १०३०च्या आसपास ठेवलेला बरा, कारण तपासणीच्या वेळी नळी उभी धरून वजन टांगतात आणि ते उचललं गेलं नाही तर हत्यार परत येतं. चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा हलका सरकतो, मग अडतो, आणि तिथून सुटतो. नव्या नेमबाजानं वजनाचा मोठा वाटा पहिल्या टप्प्यात ठेवावा, म्हणजे बोटाला थांब्याची खूण नीट कळते.

साइटबद्दल थोडक्यात. माशीच्या दोन्ही बाजूंना खाचेत दिसणारा उजेड सारखा हवा, आणि पुरेसा हवा. फार बारीक फट ठेवली तर डोळा थकतो. नजर माशीवर स्थिर आणि लक्ष्य धूसर, हाच नियम. चष्मा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हाताच्या अंतरावरची माशी स्पष्ट दिसेल असा नंबर मागा. रोजच्या चष्म्यातून ती बहुधा दिसत नाही.

२५ मीटरवर पोचल्यावर हे सगळं वेगात करावं लागतं. .२२ स्पोर्ट पिस्तुलाच्या दुसऱ्या टप्प्यात हात ४५ अंशांत खाली असतो, लक्ष्य तीन सेकंद समोर येतं आणि तेवढ्यात एक गोळी. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१३मध्ये चांगवनच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकलं. पिस्तुलात असं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०१८च्या एशियाडमध्ये पालेंबांगला अंतिम फेरीत थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि दोन शूटऑफनंतर राहींनी सुवर्ण घेतलं. खाली असलेला हात वर येताच माशी खाचेत सापडते की नाही, यावर ते तीन सेकंद ठरतात. मुठीवर एवढं लिहिलं ते यासाठी.

सुरतची हवा

समुद्र जवळ, तापीचं पात्र शहरातून जाणारं आणि पावसाळ्यात दमट हवा. लोखंडाला गंज आणि लाकडाला फुगवटा येतोच. सराव झाला की हाताचा घाम पुसा, धातूवर हत्याराच्या तेलाचं पातळ बोट फिरवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला बदला. एअर पिस्तुलाच्या हवेच्या झडपांत मात्र स्वतःच्या मनानं तेल घालू नका, रबरी वॉशर खराब होतात. पावसाळ्यात मूठ घट्ट वाटली म्हणून लगेच घासू नका. दिवाळीनंतर पुन्हा पकडून पाहा.

दुसरं हत्यार

२५ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांच्या एअर पिस्तुलाचा लिव्हर पात्रता फेरीच्या मध्येच तुटला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली. त्यांनी ५७५ गुण केले आणि त्या बाराव्या आल्या. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला त्यांनी त्याच प्रकारात २२१.७ गुणांसह कांस्य घेतलं. नव्या नेमबाजाला दुसरं पिस्तूल परवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण सुटे स्क्रू, वॉशर, विजेवर चालणारा चाप असेल तर नवी बॅटरी, आणि क्लबातलं कोणतं पिस्तूल अडचणीत वापरता येईल याची आधीच केलेली बोलणी, एवढं प्रत्येकाच्या पेटीत हवं.

खरेदीआधी

निदान सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव करा. तेवढ्यात हाताचं माप कळतं, आणि मुलाला हा खेळ खरोखर आवडतो का तेही कळतं. रोज घरी पंधरा मिनिटं, छर्रा नाही हे दोनदा तपासून, कोऱ्या भिंतीकडे पाहत कोरडा सराव करा. सूचना-पुस्तिकेत परवानगी असेल तरच चाप ओढा. मग कोणी पिस्तूल विकायला आणलं, तर किंमत ऐकण्याआधी ते हातात घ्या, डोळे मिटून उचला आणि माशी कुठे आहे ते पाहा. ती खाचेत नसेल आणि मूठ बदलूनही येण्यासारखी नसेल, तर ते पिस्तूल कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.